वहिनींनी निवडलेल्या उणिवा

तुमच्या अंगातली एक तरी उणीव तुम्ही स्वतः निवडून घेतली आहे का? हसू नका. सरळ विचारतेय, सरळ उत्तर द्या. राग आहे, तो म्हणे वडिलांकडून आला. भित्रेपणा आईने भरवला. आळस काय, हवेतच असतो. म्हणजे सगळा माल आयता. उलटसुलट करून, पारखून, 'ही मला हवी' म्हणून घेतलेली एक तरी दाखवा. नाही ना? मग मी ज्या बाईबद्दल लिहितेय ती तुमच्या-माझ्या पुढे आहे. तिने तीन घेतल्या, आणि घासाघीस करून घेतल्या.

आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. खरं तर त्या एकट्या कवळीबाईंच्या वहिनी, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. पण भाऊ गेला, कवळीबाईंनी त्यांना आपल्याकडे आणलं, आणि आठवड्याभरात अख्ख्या इमारतीची ती वहिनी झाली. अशी बाई सगळ्यांना सोयीची असते. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

कवळीबाई तळमजल्यावर दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्यांतून जबड्यांची मापं येतात, त्या प्लास्टरचे साचे ओततात, मेणात दात बसवतात. भिंतीवरच्या फळ्यांवर शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. वरच्या मजल्यावर आमच्या भाडेकरू संघटनेचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि माझं तोंड. खाली चहा मिळतो म्हणून मी खाली जास्त असते.

वहिनींचं एक वाक्य होतं, "तुम्ही म्हणाल तसं." चहा की कॉफी? तुम्ही घ्याल ते. खिडकी उघडू की लावू? तुम्हाला बरं वाटेल तसं. एकदा कवळीबाई वैतागून म्हणाल्या, "वहिनी, उद्या घराला आग लागली तर बाहेर पडायचं की नाही, हेही मलाच विचाराल का?"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही असालच ना तिथे, वन्सं."

यात विनोद नव्हता. त्या खरंच तसं म्हणत होत्या.

आता खेळाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रविवारी दुपारी वर्कशॉपचं मोठं टेबल पुसून तिथे चार माणसं रोल-प्लेइंग गेम खेळायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'मी दार फोडतो' म्हणायचं, आणि दार फुटतं की खांदा निखळतो ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्या कवळीबाई. गुहा दाखवायची झाली की फळीवरचा एखादा वरचा जबडा काढून टेबलावर ठेवायच्या. राक्षसाच्या गुहेला याहून चांगलं दार मी पाहिलेलं नाही.

खेळणाऱ्यांत एक टॅक्सीवाला. त्याचं नाव पडलं होतं फटाफट, कारण त्याला सगळंच फटाफट हवं. दुसरा वाचनालयातला ग्रंथपाल. त्याचं नाव परिशिष्ट. कुठलाही वाद झाला की तो पुस्तकाच्या शेवटच्या पानांत बोट घालायचा आणि म्हणायचा, "परिशिष्टात दिलंय." आणि कवळीबाई धरून चौथी मी.

नियमांचं पुस्तक म्हणाल तर उशाला घेऊन झोपावं एवढं जाड. नियम म्हटलं की माझं डोकं तापतं. ज्या कचेऱ्यांशी मी भांडते तिथे नियम साहेबाच्या खिशात असतात, आपल्याला फक्त त्यांचा फटका कळतो. म्हणून पहिल्या दिवशी मी ते पुस्तक बघून जिना चढायला निघाले होते. पण इथले नियम पुस्तकात होते आणि पुस्तक टेबलावर होतं. कुणीही उघडावं, कुणालाही अडवावं, अगदी कवळीबाईंनासुद्धा. हे मला पटलं. मी बसले.

या टेबलाची आणखी एक रीत होती, ती पुस्तकात नव्हती. प्रत्येकाने आपलं पात्र आपल्या हाताने घडवायचं. कितीही वेळ लागो, दुसऱ्याच्या कागदाला पेन्सिल लावायची नाही. सल्ला द्या, भांडा, चहा पाजा. पेन्सिल नाही.

एका रविवारी कवळीबाईंनी वहिनींना खाली बोलावलं आणि कोरा कागद पुढे ठेवला.

पात्र घडवणं हे काम साधं नाही, आणि मी ते साधं आहे असं सांगणार नाही. आधी ठरवा, तुम्ही माणूस, बुटका की लांब कानांचा रानवासी. मग धंदा: लढवय्या, चोर, मांत्रिक, वैदू. मग ताकद, चपळाई, दम, अक्कल यांचे आकडे. मग पोहण्यापासून थापा मारण्यापर्यंत पानंच्या पानं भरून कसबं. आणि प्रत्येक निवडीला शेपूट. बुटका घेतला की दम वाढतो, पण चपळाई घटते. चपळाई घटली की कुलूप उघडायचं कसब लंगडतं. ते सावरायचं तर जास्तीचे गुण हवेत. आणि जास्तीचे गुण हवे असतील तर उणीव पदरात घ्या. लहान उणिवेला थोडे गुण, मोठीला जास्त. घेतलेली उणीव निभवायची मात्र, ऐनवेळी अंग काढायचं नाही.

"मी तर म्हणतो तीन आकडे बास," फटाफट म्हणाला. "ताकद, अक्कल, नशीब. फासा टाका, चला."

"मग तू लुडो खेळ," परिशिष्ट म्हणाला.

वहिनी पेन्सिल धरून बसल्या. काहीतरी लिहायच्या, कवळीबाईंच्या तोंडाकडे बघायच्या, खोडायच्या. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

"वन्सं, तुम्हीच भरा ना. तुम्हाला माझं सगळं माहीतच आहे."

"वहिनी, हे तुमचं नाही. ही दुसरीच कुणीतरी. ती तुम्ही बनवायची."

"तेच तर म्हणते. दुसरी कुणीतरी म्हणजे कोण, ते मला कोण सांगणार?"

कवळीबाई चुकल्या त्या इथे. दया आली त्यांना. दयेने जेवढी माणसं बिघडवली तेवढी दारूनेही बिघडवली नसतील, हे माझं मत, पटो न पटो. त्या आठवड्यात कवळीबाई आणि फटाफट यांनी मिळून वहिनींसाठी एक पात्र तयार करून ठेवलं. वैदू. शांत, प्रेमळ, सगळ्यांच्या जखमा बांधणारी. नियमांची गुंतागुंत सगळी काढून टाकलेली, फासा टाकला की झालं. गुणांसाठी एकच छोटीशी उणीव घातली: भिडस्तपणा. म्हटलं, सोपं जाईल.

सोपं गेलं. पुढच्या रविवारी वहिनींनी सगळ्यांच्या जखमा बांधल्या. फटाफटचा लढवय्या जिथे तिथे डोकं घालून फोडून घ्यायचा आणि ओरडायचा, "वहिनी, पट्टी!" की वहिनी पट्टी बांधायच्या. मधल्या वेळेत चहाही केला. फटाफट खूश होता. "असली वैदू मिळाली तर मी रोज मरायला तयार आहे," म्हणाला.

त्याच्या पुढच्या रविवारी वहिनी खाली आल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. नंतरच्या रविवारीही गुडघाच. मग कवळीबाईंनी नीट विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खेळ छान आहे हो. पण वन्सं, हे सगळं मी घरी करतेच."

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेले तर कवळीबाई मेणाचा जबडा तासत बसल्या होत्या. तासत कसल्या, छळत होत्या.

"महिनाअखेरीला भाचा येतोय," त्या म्हणाल्या. "वहिनींना घेऊन जायला. त्याच्या शहरात, त्याच्या घरी. खोली रंगवून ठेवलीय. नात लहान आहे, सून नोकरी करते."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? 'तू म्हणशील तसं.'"

"मग तुम्ही सांगा की, राहा म्हणून. तुम्हाला त्या इथे हव्यात, हे आंधळ्यालाही दिसतं."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मी 'राहा' म्हटलं की त्या राहतील. माहितीय मला. मग काय झालं? त्याच्या हुकमाऐवजी माझा हुकूम. त्यात त्यांचं काय?"

मी भडकले. हवं ते तोंड उघडून मागावं, हा माझा धर्म. असली नाजूक माणसं मला सोसत नाहीत. म्हटलं, बसा मग तासत, आणि दाणदाण जिना चढून वर आले. पण बाई बरोबर बोलत होती, आणि मला त्याचाच राग आला होता.

रविवारी कवळीबाईंनी वहिनींचा गुडघा ऐकून घेतला नाही. वैदूच्या पात्राचा कागद बाजूला सारला, नवा कोरा कागद ठेवला, आणि ते उशीएवढं पुस्तक वहिनींच्या मांडीवर दिलं. "पान एकपासून. एकही नियम गाळायचा नाही. हे पूर्ण होईपर्यंत कुणी फाशाला हात लावायचा नाही."

"आणि आम्ही काय करायचं?" फटाफट म्हणाला. "बसून दात मोजायचे?"

"मोजा. भिंतीवर भरपूर आहेत."

वहिनी मोठ्याने वाचायला लागल्या. सावकाश, प्रत्येक ओळीला मान हलवत. काही कळलं नाही की थांबायच्या, परिशिष्ट पुढे वाकून समजावायचा, हात मात्र पाठीमागे बांधून. दुपार तशीच गेली. पुढच्या रविवारी उणिवांचं प्रकरण आलं आणि वहिनी अडल्या.

"हे काय लिहिलंय? लंगडेपणाला सहा गुण आणि भिडस्तपणाला दोन?"

"हो," परिशिष्ट म्हणाला. "लंगडेपणा मोठी उणीव, भिडस्तपणा किरकोळ."

"किरकोळ कुणी म्हटलं?"

"पुस्तकात दिलंय."

"ज्याने लिहिलं त्याला भीड काय असते माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण बोट त्या ओळीवर रोवलेलं. "लंगडा माणूस चालताना अडतो. बसला की मोकळा. भिडस्त माणूस बसल्याजागी अडतो. जेवताना अडतो. दुखतंय म्हणून सांगताना अडतो. दोन गुणांत कोण घेईल ही?"

मग फटाफटने उगाच तोंड घातलं. "वहिनी, तीन करा आणि मिटवा."

"भाजी नाही घेत मी. सहा."

"पुस्तक म्हणजे पुस्तक," कवळीबाई म्हणाल्या. मुद्दामच म्हणाल्या असणार. "दोन म्हणजे दोन."

"पुस्तक चुकतं, वन्सं."

चुकतं! कवळीबाईंना तोंडावर! परिशिष्ट कधीपासून मागची पानं उलटत होता. त्याने घसा साफ केला. "परिशिष्टात दिलंय. टेबलावरच्या सगळ्यांची संमती असेल तर उणिवेचं वजन बदलता येतं."

सगळ्यांनी हात वर केले. मी तर दोन्ही केले. भिडस्तपणाचे सहा गुण झाले. एवढ्या गुणांत वहिनींना वाटेल ती कसबं घेता आली असती.

"लिहा मग," कवळीबाई म्हणाल्या. "भिडस्तपणा, सहा."

वहिनींनी पेन्सिल उचलली, जरा विचार केला, आणि म्हणाल्या, "नको. एवढी जड असेल तर मी कशाला घेऊ?"

फटाफट इतका हसला की दोन जबडे फळीवरून खाली आले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचं काम चाललं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन उणिवा घेतल्या. पहिली हट्ट. दुसरी तोंडाळपणा. तिसरी आळस. आळस लिहिताना म्हणाल्या, "जन्मात कधी केला नाही. इथे तरी करते." तिन्हींचे गुण त्यांनी कुलपं उघडण्याच्या कसबात घातले. पात्र काय तयार झालं, तर एक बुटकी, जाडी, खाष्ट चोर. बुटकी घेतल्यामुळे चपळाई घटलेली आणि म्हणून कुलपं अवघड, हे सगळं समजून उमजून. परिशिष्ट म्हणाला, हिशेबाने हे पात्र परवडत नाही. वहिनी म्हणाल्या, "मला परवडतं."

कागदाला कुठेही भोक नव्हतं.

मग पुढच्या रविवारी खेळ सुरू झाला. दुसऱ्याच फाशाला फटाफटचा लढवय्या कोरड्या विहिरीत पडला. दोर वहिनींकडे, आणि वहिनी बऱ्याच मागे, एका झाडाखाली.

"वहिनी, दोर!" फटाफट ओरडला.

कवळीबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या चोराला आळस आहे. उठायचं असेल तर फासा टाकून आळसावर मात करावी लागेल. नसेल टाकायचा तर बसून राहायची मुभा आहे. नियम तसा आहे."

वहिनींनी फासा हातात घेतला. आम्हाला वाटलं आता टाकतील. कुणाचं अडलं की त्या उठतात, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांनी फासा तळहातावर फिरवला आणि टेबलावर परत ठेवला.

"नाही टाकत. मी बसलेय."

"वहिनी, मी मरतोय इथे!"

"मरा हो. सावकाश मरा, मला ऐकू येतंय."

लढवय्या अख्खी दुपार विहिरीत राहिला. फटाफट खरोखर रुसला, चहासुद्धा घेईना. आणि वहिनी उठून त्याची समजूत काढायला गेल्या नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा हात दोनदा टेबलाच्या कडेवर आला उठण्यासाठी, आणि दोनदा मांडीवर परत गेला. मी मोर्चे काढलेत, दारं अडवून बसलेय. पण बसून राहण्याला एवढी ताकद लागताना मी पाहिली नव्हती.

महिनाअखेरीला वहिनींचा मुलगा आला. चांगला मुलगा आहे, उगाच खलनायक करायचा नाही मला. आईसाठी गाडीत मऊ उशी घेऊन आला होता. रविवारच होता, आम्ही टेबलाशी बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "बस. तुझ्याशी बोलायचंय."

"बोल ना आई, पण वाटेत बोलू, उशीर होईल."

"इथेच बोलते. मी येतेय तुझ्या शहरात. नातीजवळ मला राहायचंय. पण तुझ्या घरात राहणार नाही. जवळ एक खोली बघ, माझी वेगळी. नातीला दुपारी सांभाळीन, रोज नाही. आणि रविवार माझा."

मुलगा आमच्याकडे, मग जबड्यांकडे बघत राहिला. "आई, काय झालंय तुला? आत्या, तू काही भरवलंस का हिच्या डोक्यात?"

"मी?" कवळीबाईंचा आवाज एकदम चढला. "मी भरवलं असतं तर त्या येते म्हणाल्या असत्या का? मला त्या इथेच हव्या होत्या!"

बोलून गेल्या. वहिनी वळल्या.

"वन्सं, हे आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर राहिला असतात."

"हो. राहिले असते."

"म्हणूनच."

मग वहिनींनी कवळीबाईंच्या गालाला लागलेलं प्लास्टर अंगठ्याने पुसलं. मुलगा म्हणाला, "तू म्हणशील तसं, आई." त्याला आपण काय बोललो ते कळलं नसेल. आम्हाला कळलं. फटाफटने खिडकीकडे तोंड फिरवलं.

जाताना वहिनींनी पुस्तक मागितलं. परिशिष्टाने ते आधीच नव्या पुठ्ठ्यात बांधून ठेवलं होतं. कवळीबाईंनी एक वरचा जबडा कागदात गुंडाळून दिला, गुहेसाठी. आमच्या टेबलावर आता एक जागा कमी आहे, आणि कवळीबाई रविवारी जरा तिरसट असतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "त्यांनी ठरवलं ना? मग झालं." असं म्हणतात आणि मेणावर नको तेवढा जोर देतात.

वहिनींचा फोन येतो. खोली मिळाली. खिडकी त्या उघडी ठेवतात. नात आठवड्यातून तीन दुपारी येते, बाकी दिवशी सून काहीतरी जमवते, थोडी धुसफूस होते, चालतं. पण खेळायला माणसं नाहीत. त्यांनी तिथल्या वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी लावलीय. दोघं आले होते. पुस्तकाची जाडी बघून एक गेला. दुसऱ्याला वाटलं, म्हातारी बाई आहे, आपणच हिला पात्र बनवून देऊ. त्याला वहिनींनी दाराबाहेर काढलं. तोंडाळपणा निवडलेलाच आहे, वापरणारच.

तर आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, आणि मी सहसा मागत नाही, भांडते. तुमच्या वाचनालयाच्या फलकावर अशी चिठ्ठी दिसली तर जा. रविवारी दुपारी जा, चार पेन्सिली घेऊन जा. त्या पुस्तक पुढे ठेवतील ते पहिल्या पानापासून वाचा, कंटाळा आला तरी वाचा. आणि त्यांच्या कागदाला पेन्सिल लावू नका.